भारी जातीच्या कोंबड्यांची अंडी दर खेपेला वाया का जातात?

ब्रह्मा, कोचिन, ऑर्पिंग्टन, जर्सी जायंट अशा अंगानं भारी जाती परसात पाळणाऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं एकच असते. अंडी उबवायच्या मशीनमध्ये डझनभर अंडी ठेवली, २१ दिवस जिवापाड जपली आणि पिल्लं निघाली तीन-चार. पुढच्या खेपेला तापमान थोडं वाढवून पाहिलं, आर्द्रता थोडी कमी करून पाहिली, तरी हाती येणारी पिल्लं तेवढीच. मग नवं मशीन घेतलं जातं आणि त्यातूनही तेवढीच निघतात.

भारी जातींच्या बाबतीत दोष मशीनपेक्षा खुराड्यात असण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं माझं ठाम मत आहे. खुराड्यातला दोष मशीनची बटणं फिरवून जात नाही. म्हणून अंडं नेमकं कुठल्या टप्प्यावर गेलं ते आधी शोधायचं आणि मगच काय बदलायचं ते ठरवायचं.

मशीनवर संशय असेल तर तो एका खेपेत फिटतो. पुढच्या वेळी भारी जातीच्या अंड्यांबरोबर एखाद्या हलक्या, चपळ जातीची पाच-सहा अंडी त्याच मशीनमध्ये ठेवा. ज्या कोंबड्याची अंडी फलित निघतात याची खात्री आहे, त्याच कळपातली घ्या. हलक्या जातीची पिल्लं नीट निघाली आणि भारी जातीची अंडी तशीच राहिली, तर मशीनला हात लावू नका. दोन्ही गेली तर मात्र थर्मामीटरपासून सुरुवात करा.

न उबलेलं प्रत्येक अंडं फोडून पाहा

हे काम कुणालाच आवडत नाही. वास येतो, कधी आत पूर्ण वाढलेलं पिल्लू दिसतं आणि मन खट्टू होतं. तरीही ही अंडी न फोडता टाकून देणं म्हणजे हातातला पुरावा फेकून देणं आहे. अंड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि कोंबडीची खूण आधीच घातलेली असेल तर फारच उत्तम. पसरट बशी घ्या, अंडं बोथट टोकाकडून हळूच फोडा आणि काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा.

टॉर्च लावून पाहिल्यावर सातव्या दिवशी जे अंडं स्वच्छ दिसतं, ते फलित नव्हतंच असं आपण धरून चालतो. इथंच घोटाळा होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेला गर्भही टॉर्चखाली दिसत नाही. त्यातून ब्रह्मा, ऑर्पिंग्टन, जर्सी जायंट यांच्या अंड्यांचं कवच तपकिरी असतं, त्यामुळे उजेड आत नीट पोचत नाही. अशी अंडी पूर्ण अंधारात, जोरदार टॉर्चवर आणि आठव्या ते दहाव्या दिवशी पाहिलेली बरी. खरं काय ते मात्र फोडल्यावरच कळतं. अंडं फलित नसेल तर पिवळ्या बलकावर बारीकसा, घट्ट पांढरा, कडा वेड्यावाकड्या असलेला ठिपका तसाच असतो. गर्भ सुरुवातीलाच मेला असेल तर त्या जागी पसरलेला फिकट पांढरा चट्टा दिसतो, नाहीतर रक्ताचं कडं दिसतं. कडं दिसलं की गर्भ वाढायला लागला होता आणि पहिल्याच आठवड्यात गेला, हे नक्की.

याच्याही आधीची तपासणी स्वयंपाकघरात होते. रोज खायला फोडता त्या अंड्यांचा पिवळा बलक नीट पाहा. फलित अंड्यावर साधारण ४ मिलिमीटरचं गोल चिन्ह असतं, मध्ये फिकट आणि भोवती पांढरी कड. फलित नसलेल्या अंड्यावर तो लहान, भरीव, वेडावाकडा ठिपका असतो. चार-पाच अंडी ओळीनं पाहिली की नजर बसते. मशीन भरायच्या आधी आठवडाभर असं पाहत राहिलात, तर २१ दिवस थांबून जे कळलं असतं ते आधीच कळतं.

यातून चार शक्यता निघतात: अंडी फलितच नव्हती, गर्भ पहिल्या आठवड्यात गेला, मधल्या काळात गेला, किंवा अगदी शेवटी गेला. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

अंडी फलितच नाहीत

भारी जातींत सर्वांत जास्त अंडी इथंच वाया जातात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

कोंबडा कोंबडीवर चढलेला पाहिला की आपण निर्धास्त होतो. पण चढणं म्हणजे जोड लागणं नव्हे. कोंबड्याच्या वंशात बाहेर येणारं लिंग नसतं. दोघांची गुदद्वारं क्षणभर एकमेकांना टेकली तरच वीर्य आत जातं. कोचिन, ब्रह्मा आणि ऑर्पिंग्टनच्या मागच्या भागावर मऊ पिसांचा एवढा दाट गुच्छ असतो की ती जागा एकमेकांना टेकतच नाही. कोंबडा पूर्ण प्रयत्न करतो, कोंबडी शांत बसते, पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं आणि वीर्य पिसांवरच राहतं.

उपाय साधा आहे. पैदाशीचा हंगाम सुरू होण्याआधी नर आणि माद्या दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची मऊ पिसं बोथट टोकाच्या कात्रीनं आखूड करा. सगळीकडून दोन बोटं रुंदीची जागा मोकळी झाली की पुरते. कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी असलेली फुगीर गादीही थोडी कमी करा, कारण कोंबड्याला तीच आडवी येते. हे काम दोघांनी मिळून करावं, एकानं पक्षी काखेत धरावा आणि दुसऱ्यानं कात्री चालवावी. नुकतीच फुटलेली, दांड्यात रक्त भरलेली कोवळी पिसं कापू नका, भळभळा रक्त येतं. कापलेलं पीस पुढच्या पिसं झडण्याच्या वेळीच बदलतं, त्यामुळे एकदा कापलं की हंगाम निघतो. प्रदर्शनाचे पक्षी असतील तर पिसं कापायला जीव होत नाही, हे मला समजतं. पण ज्या पक्ष्याची पिल्लं हवी आहेत त्याच्याकडून त्या हंगामात देखणेपणाची अपेक्षा ठेवू नये.

पिसं कापताना त्या भागाची त्वचाही नीट पाहा. दाट पिसांत गुदद्वाराजवळ उवा आणि माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, घर करतात. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे पुंजके, काळपट मळ किंवा लालसर खपली दिसली तर आधी तो बंदोबस्त करा. रात्रंदिवस खाजत असलेला कोंबडा माद्यांकडे फिरकत नाही.

दुसरं कारण वजनाचं. जर्सी जायंटचा पूर्ण वाढलेला कोंबडा जातीच्या मानकाप्रमाणे जवळजवळ ६ किलोचा असतो, ब्रह्माचा साडेपाचच्या आसपास. एवढं वजन पाठीवर घेऊन कोंबडीला स्थिर बसायचं असतं आणि त्या कोंबड्याला तोल सांभाळायचा असतो. त्यात चरबी चढली की काम संपलं. कोंबडा हातात घेऊन छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना भरीव मांस आणि मध्ये हाडाची धार बोटाला जाणवली पाहिजे. धार सापडतच नसेल, तर तो वजनदार नाही, लठ्ठ आहे. कोंबडीच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या खालच्या बाजूला जाड, थुलथुलीत थर लागत असेल तर तीही लठ्ठ आहे. अशा कोंबडीची अंडी कमी होतात आणि फलित होण्याचं प्रमाणही घसरतं.

बहुतेक वेळा कारण असतं हातानं टाकलेला मका आणि इतर दाणा. तो बंद करा किंवा अगदी मूठभर ठेवा. पण एकदम उपाशी ठेवू नका, कोंबड्या अंडी थांबवून पिसं झाडायला लागतात. वजन हळूहळू उतरवायचं. मांसासाठीच्या संकरित पक्ष्यांच्या आईबापांना व्यावसायिक फार्मवर मापून खाद्य देतात, त्यामागेही हेच कारण आहे. पोटभर खाऊ दिलं तर ते पैदाशीच्या कामाचे उरत नाहीत.

तिसरं, पाय. ही गोष्ट फार थोडे लोक पाहतात. कोंबडा उचला, उलटा धरा आणि तळपाय पाहा. मध्यभागी काळी खपली आणि सूज असेल तर ती तळपायाची गाठ आहे, जिला बंबलफूट म्हणतात. उंच दांडीवरून कडक जमिनीवर रोज उडी मारणाऱ्या जड पक्ष्याला ती हमखास होते. पाय ठणकत असेल तर तो कोंबडीवर चढणार नाही, चढला तरी तोल राहणार नाही. भारी जातींसाठी दांडी जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटरच ठेवा, चपटी आणि रुंद, आणि खाली तुसाची किंवा भुशाची जाड गादी. पायावर पिसं असलेल्या जातींत पिसांखाली खवले उचललेले, खरखरीत झालेले दिसले तर ते पायाच्या माइट्सचं लक्षण आहे. पाय कोमट पाण्यात भिजवून खरड काढा आणि व्हॅसलिन किंवा खाद्यतेलाचा जाड थर पुन्हा पुन्हा लावत राहा, म्हणजे आतले किडे गुदमरतात. पायामागचा काटा फार लांब आणि टोकदार झाला असेल तर टोक बोथट करा, नाहीतर माद्यांच्या कुशी फाटतात आणि त्या त्याला जवळ येऊ देत नाहीत.

मग प्रमाण. हलक्या जातीचा एक कोंबडा दहा-बारा कोंबड्यांना पुरतो. भारी जातीच्या कोंबड्याला सहा ते आठ पुष्कळ झाल्या. त्यातही त्याच्या आवडत्या दोन-तीन असतात. त्यांच्या पाठीची पिसं उडालेली दिसतात आणि बाकीच्यांची पाठ जशीच्या तशी. ज्या कोंबडीची पाठ अगदी नवी कोरी दिसते, तिची अंडी बशीत फोडून पाहा. कोंबडा सगळ्यांना लागतो का, याचं उत्तर तिच्याकडे मिळतं. आवडत्या कोंबड्यांना काही दिवस वेगळं ठेवलं की तो इतरांकडे वळतो. दोन कोंबडे एकत्र ठेवून फलितता वाढेल ही आशा लहान जागेत फोल ठरते. एक चढला की दुसरा त्याला धक्का देऊन पाडतो. त्यापेक्षा दोघांना आळीपाळीनं आत सोडा.

वयाचाही हिशेब आहे. हलक्या जातीचा कोंबडा पाच-सहा महिन्यांत तयार होतो, भारी जातीला आठ-नऊ महिने लागतात आणि अंग पूर्ण भरायला त्याहून खूप जास्त. घाई करणाऱ्याला रिकामी अंडी मिळतात. तीन वर्षांपुढच्या कोंबड्यावरही फार भिस्त ठेवू नये. तरुण कोंबडा दुसऱ्या वर्षातल्या कोंबड्यांबरोबर आणि मुरलेला कोंबडा तलंगांबरोबर, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांबरोबर, ही जुन्या पाळणाऱ्यांची जोडणी मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. तलंगांची पहिली अंडी मात्र उबवायला घेऊ नका. आकार स्थिर झाल्यावरच घ्या.

ऊन आणि उजेड हेही पाहायला हवेत. एवढ्या पिसांच्या पक्ष्याला ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या वर धाप लागते, तो माद्यांच्या मागे जात नाही आणि वीर्याची प्रतही उतरते. उष्णतेची लाट गेल्यावर ती लगेच सुधारत नाही, काही आठवडे जातात. त्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांतल्या अंड्यांवर मशीन भरू नये. दिवस लहान असलेल्या काळात दिव्यासह १४ तास उजेड मिळायला हवा आणि तो कोंबड्याला माद्यांच्या दोन आठवडे आधीपासून मिळाला तर चांगलं.

नवा कोंबडा आणला असेल तर सात ते दहा दिवस थांबून मग अंडी जमवा. कोंबडीच्या शरीरात वीर्य साठून राहतं, साधारण दोन आठवडे आणि कधी तीनही. म्हणून आधीच्या कोंबड्याची पिल्लं नको असतील तर पूर्ण तीन आठवडे जाऊ द्या.

वायंडॉट पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. या जातीचा तुरा गुलाबतुरा, म्हणजे डोक्यालगत बसलेला चपटा तुरा, असतो. ज्या कोंबड्यात या तुऱ्याचा जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो, त्याची फलितता मुळातच कमी असते. म्हणून काही जाणते लोक साध्या उभ्या तुऱ्याचं एखादं पिल्लू निघालं तर ते टाकून देत नाहीत, पैदाशीत वापरतात. ब्रह्माचा तुरा वेगळ्या प्रकारचा आहे, त्याला हा प्रश्न नाही.

पहिल्या आठवड्यात गेलेले गर्भ

रक्ताचं कडं असलेली अंडी जास्त निघाली तर नजर साठवणुकीकडे वळवा. इथं भारी जातीची एक खास अडचण आहे. ही कोंबडी आठवड्याला तीन-चार अंडी देते. तीन-चार कोंबड्या असतील तर मशीन भरण्याएवढी अंडी जमायला दोन आठवडे लागतात, आणि तोवर पहिली अंडी शिळी झालेली असतात. सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली. त्यापुढे प्रत्येक दिवशी पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरत जातं. मशीन अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल, ताजी अंडी ठेवा.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. १३ ते १८ अंश तापमानाच्या जागी, निमुळतं टोक खाली ठेवून साठवा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं ४ अंशांच्या आसपास गर्भाला इजा होते. धुऊ नका, कारण पाण्याबरोबर कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. फार मोठी, दोन बलकांची, लांबट किंवा पातळ कवचाची अंडी खायला ठेवा. भारी जातीचं मोठ्ठं अंडं पाहून मोह होतो, पण उबवायला मध्यम आकाराचंच अंडं उत्तम. दुरून आणलेली अंडी निमुळतं टोक खाली करून दिवसभर शांत ठेवा आणि मगच मशीनमध्ये घाला.

साठवण नीट असूनही गर्भ लवकर जात असतील तर तापमान तपासा. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश, पंखा नसलेल्यात अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.५ च्या आसपास. मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, खात्रीचा वेगळा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून ताडून पाहा.

मधल्या काळात गेलेले

आठव्या ते सतराव्या दिवसांत मुळात फार कमी गर्भ जातात. इथं संख्या वाढलेली दिसली तर बहुधा खाद्य कमी पडतं आहे. अंड्यांसाठीचं लेयर खाद्य कोंबडीला अंडं द्यायला पुरतं, पण त्या अंड्यातून पिल्लू घडायला लागणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यात बेताचीच असतात. वर मका-तांदूळ घातले की तेही पातळ होतं. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, कमी असेल तर गर्भाची लव गाठीसारखी गुंडाळलेली राहते आणि निघालेल्या पिल्लांची बोटं आत वळतात. मँगनीज कमी असेल तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी वाकलेली दिसते. फोडलेल्या अंड्यात अशी चिन्हं शोधा. पैदाशीसाठीचं ब्रीडर खाद्य, किंवा ते मिळत नसेल तर जीवनसत्त्वांचं मिश्रण आणि हिरवा चारा, अंडी जमवायच्या तीन-चार आठवडे आधीपासून सुरू करावं. कोंबड्याला माद्यांचं कॅल्शियमचं जास्त प्रमाण असलेलं खाद्य कायम चालत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. कमी कॅल्शियमचं खाद्य सगळ्यांना आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, म्हणजे ज्याला हवा तो खाईल, ही सोय सर्वांत सोपी.

नासलेली, वास मारणारी अंडी असतील तर घरटी घाण आहेत. पायावर पिसं असलेल्या कोंबड्या चिखल थेट घरट्यात आणतात. पावसाळी दिवसांत घरट्यातलं गवत रोज बदलावं लागतं.

आणि गर्भ सगळ्याच टप्प्यांवर थोडे थोडे जात असतील, निघालेली पिल्लंही अशक्त असतील, तर रक्त जवळचं झालं आहे. परसातल्या कळपात हे नकळत होतं. एका कोंबड्याची मुलगी, मग तिचाच भाऊ, मग पुन्हा तोच बाप. फलितता आणि उबवण दोन्ही यानं घसरतात. बाहेरचा, नात्यात नसलेला कोंबडा आणण्याशिवाय यावर इलाज नाही.

शेवटच्या तीन दिवसांत गेलेले

पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचात मेलेलं दिसलं की लोक आर्द्रता वाढवतात. भारी जातीच्या मोठ्या अंड्यांत अनेकदा ती आधीच जास्त झालेली असते. अंडं जितकं मोठं, तितकं त्याच्या वजनाच्या मानानं कवचाचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे त्याच आर्द्रतेत ते लहान अंड्यापेक्षा कमी सुकतं. आत पाणी उरतं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू पोकळीत चोच घातल्यावर गुदमरतं.

म्हणून आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा वजनकाटा खरा. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं. ६५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ५७ ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे, सातव्या दिवशी ६२ च्या. चार-पाच अंड्यांवर खूण करून दर आठवड्याला वजन करा. कमी घटत असेल तर पाण्याचं भांडं लहान करा, जास्त घटत असेल तर मोठं. पहिल्या १८ दिवसांत ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेपासून सुरुवात करायची आणि पुढे काटा सांगेल तसं. आर्द्रतामापक बरोबर आहे का हे पाहायला मीठ जेमतेम ओलं करून मापकासह बंद डब्यात काही तास ठेवा, त्यानं ७५ टक्के दाखवायला हवेत.

मेलेलं पिल्लूही सांगतं. अंग सुजल्यासारखं, भोवती चिकट द्रव, पोकळी लहान: पाणी जास्त. पिल्लू बारीक, पापुद्रा चामड्यासारखा होऊन अंगाला चिकटलेला: शेवटी हवा कोरडी पडली, बहुतेक झाकण वारंवार उघडल्यामुळे. बेंबी नीट न मिटलेली आणि पिल्लं वेळेच्या खूप आधी निघालेली: उष्णता जास्त. पिल्लं उशिरा, सुस्त, पोट मोठं आणि मऊ: उष्णता कमी.

अंडी फिरवणाऱ्या ट्रेकडेही एकदा नीट पाहा. ते बहुधा मध्यम अंड्यांच्या मापाचे असतात. मोठं अंडं खाचेत अडकून बसतं आणि ट्रे हलला तरी ते फिरत नाही. शंका असेल तर हातानं फिरवा, दिवसातून तीन किंवा पाच वेळा, अठराव्या दिवसापर्यंत. त्यानंतर फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि झाकण बंद. हवेची छिद्रं मात्र बुजवू नका. ओलावा टिकावा म्हणून ती बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि नेमका तेव्हाच मोठ्या पिल्लाला सर्वांत जास्त प्राणवायू लागतो.

कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक पूर्ण दिवस लागू शकतो. त्या आधी कवच सोलायला घेऊ नका. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटलेल्या नसतात आणि बलक पोटात ओढला गेलेला नसतो.

खुडूक कोंबडीखाली

कोचिन, ब्रह्मा आणि ऑर्पिंग्टन मनापासून खुडूक होतात, मायाही भरपूर करतात. त्रास वजनाचा आहे. अंडी चेंगरतात, फुटलेल्या अंड्याचा चिकटा बाकीच्यांना लागतो आणि तीही नासतात. घरटं जमिनीवरच द्या, म्हणजे तिला वरून उडी मारावी लागणार नाही. खाली मातीचा किंवा गवताचा जाड थर असू द्या. दहा-बारापेक्षा जास्त अंडी घालू नका. पायाच्या पिसांत अडकून अंडं बाहेर ओढलं जातं, म्हणून रोज ती खायला उठली की घरट्याभोवती एक नजर टाका. विसाव्या दिवशी खोलगट घरटं थोडं सपाट करा. खोल वाटीत पिल्लं मधोमध घसरतात आणि सगळं वजन त्यांच्यावर येतं, सपाट जागेत त्यांना कडेला सरकता येतं. हलक्या अंगाची, शांत खुडूक कोंबडी हाताशी असेल तर भारी जातीची सहा-सात अंडी तिच्याखाली देणं मला जास्त पसंत आहे.

पिल्लं निघाल्यावर

भारी जातीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून जड असतं. गुळगुळीत कागदावर किंवा प्लॅस्टिकवर त्याचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि दोन-तीन दिवसांत लक्ष दिलं नाही तर ते अपंग राहतं. खाली खरखरीत कापड घाला. पाय फाकलेच तर दोन्ही पाय मऊ पट्टीनं खांद्याएवढ्या अंतरावर सैल बांधून ठेवा, बहुतेक पिल्लं काही दिवसांत सरळ चालू लागतात.

प्रत्येक पिल्लाला आईच्या नावाची खूण करा, पायात रंगीत कडी घातली तरी चालेल. भारी जातींत पुढचा कोंबडा निवडताना सगळ्यांची नजर आकार, पिसं आणि रंगावर असते. ज्या आईची बारापैकी दहा अंडी उबली तिचा मुलगा थोडा लहान असला तरी तो ठेवा, आणि जिची दोनच उबली तिचा देखणा मुलगा पैदाशीबाहेर. हा गुण पुढच्या पिढीत हळूहळूच उतरतो, त्यामुळे फरक दिसायला काही पिढ्या जाऊ द्याव्या लागतात. तोवर दर हंगामाच्या सुरुवातीला कात्री, वजनकाटा आणि बशी लागणारच.